शिकारी पक्षी आणि भीमसरट : एका तुलनेचा इतिहास

१. प्रास्ताविक

शास्त्रात एखादी नवी वस्तू प्रकाशात आली म्हणजे तिला प्रथम नाव द्यावे लागते, आणि नाव देताना ती पूर्वपरिचित अशा कशासारखी आहे हे सांगण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते. म्हणूनच शास्त्रीय नामकरणाच्या मुळाशी पुष्कळदा एक उपमा दडलेली आढळते. भारतीय साहित्यशास्त्राने उपमेची चार अंगे मानली आहेत : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि वाचक शब्द. काव्यात साधारण धर्म अनुक्त राहिला तरी रसहानी होत नाही. किंबहुना लुप्तोपमेचे सौंदर्य त्या अनुक्ततेतच असते. शास्त्रात मात्र साधारण धर्म अनुक्त राहिला की नाव हेच प्रमाण होऊन बसते, आणि पुढील अभ्यासकांची दृष्टी त्या नावाने आखून दिलेल्या वाटेनेच जाऊ लागते.

या प्रक्रियेचे एक ठळक उदाहरण म्हणजे शिकारी पक्षी आणि ज्याला मराठीत कधी 'भीमसरट' तर कधी सरळ 'डायनोसॉर' म्हटले जाते तो लुप्त प्राणिवर्ग यांची तुलना. ही तुलना १९व्या शतकाच्या पूर्वार्धापासून आजतागायत चालू आहे. तिच्या इतिहासात उपमान तीनदा बदलले, एकदा चांगली तुलना एका चुकीच्या निरीक्षणामुळे सुमारे अर्धशतक मागे पडली, आणि शेवटी जी गोष्ट उपमा म्हणून आरंभली होती ती अभेदापर्यंत येऊन पोहोचली. या इतिहासात हाडांइतकाच शब्दांचाही भाग आहे. तो कितपत आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

२. पहिले उपमान : सरडा

इ. स. १८२४ मध्ये ऑक्सफर्डचे विल्यम बकलंड यांनी स्टोन्सफील्ड येथील खाणीत सापडलेल्या जबड्याचे व इतर हाडांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्या प्राण्याला 'मेगॅलोसॉरस' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'मेगस' म्हणजे मोठा व 'सॉरॉस' म्हणजे सरडा. अर्थात हे नाव 'महासरट' या समासाचे तंतोतंत प्रतिरूप आहे. पुढच्याच वर्षी, १८२५ साली, गिडियन मँटेल यांनी ससेक्समध्ये मिळालेल्या दातांवरून 'इग्वानोडॉन' हे नाव योजले. त्याचा अर्थ इग्वाना नामक अमेरिकन सरड्यासारखे दात असलेला.

या दोन्ही नावांत उपमान एकच आहे. ते निवडताना साधारण धर्म होता दातांचा. मेगॅलोसॉरसचे दात पात्यासारखे, चपटे आणि करवतीच्या काठाचे होते. घोरपडीच्या कुळातील प्राण्यांचे दातही थोडेफार असेच असतात. म्हणजे साम्य खोटे नव्हते. परंतु दातांपुरते असलेले साम्य नावाच्या द्वारे सगळ्या देहावर पसरले. मँटेल यांनी इग्वानाच्या प्रमाणात आपल्या प्राण्याची लांबी काढली ती ६० फुटांवर गेली. आज इग्वानोडॉनची लांबी सुमारे १० मीटर, म्हणजे ३३ फूट, मानली जाते. लहान सरड्याचे चित्र मोठे करीत गेले म्हणजे लुप्त प्राणी मिळतो, असे त्या गणितामागचे गृहीत होते. आणि ते गृहीत नावातच बसलेले होते.

३. ओवेन : एक विशेषण, दोन प्राणी

या प्राण्यांना एका वर्गात बसविण्याचे काम रिचर्ड ओवेन यांनी केले. १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात त्यांनी मेगॅलोसॉरस, इग्वानोडॉन आणि हायलिओसॉरस या तिघांसाठी 'डायनोसॉरिया' हे वर्गनाम सुचविले. ग्रीक 'डाइनॉस' या विशेषणाचा मूळ अर्थ भयप्रद. त्यावरून प्रचंड, विस्मयकारक अशाही अर्थच्छटा त्याला आल्या. ओवेन यांना भयंकरपणापेक्षा प्रचंडता अभिप्रेत होती, हे त्यांनी स्वतः दिलेल्या अर्थावरून स्पष्ट होते. संस्कृत 'भीम' शब्दाचा प्रवासही असाच झाला आहे : 'भी' म्हणजे भिणे या धातूपासून निघालेला हा शब्द मराठीत येईपर्यंत 'अवाढव्य' या अर्थाकडे झुकला. त्या दृष्टीने 'भीमसरट' हा पर्याय मूळ शब्दाशी फार प्रामाणिक आहे. या प्रामाणिकपणातच एक अडचण आहे; तिचा विचार शेवटी येईल.

ओवेन यांच्या कामातील खरी विसंगती अशी की नावात 'सॉरॉस' ठेवूनही त्यांनी उपमान बदलले होते. त्यांनी ज्या लक्षणांवर भर दिला ती होती कमरेच्या पाच मणक्यांचे एकजीव झालेले त्रिक आणि देहाखाली खांबासारखे सरळ उभे पाय. सरड्याचे पाय देहाच्या दोन्ही बाजूंना फाकलेले असतात. ओवेन यांच्या प्राण्याचे पाय हत्ती-गेंड्यासारखे होते. मणक्यांचे माप घेऊन त्यांनी इग्वानोडॉनची लांबी सुमारे २८ फुटांवर आणली. १८५४ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानात बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी उभारलेल्या मूर्तींत हेच उपमान साकार झाले. आजही तेथे उभे असलेले ते प्राणी खवल्यांच्या कातडीतील चतुष्पाद गेंडेच वाटतात. अर्थात १८४२ मध्ये नाव सरड्याचे, आकृती हत्तीची, अशी स्थिती होती. आणि पक्ष्याचा तेथे मागमूसही नव्हता.

तथापि त्याच सुमारास ओवेन यांनी 'डाइनॉस' हेच विशेषण एका पक्ष्यालाही लावले. न्यू झीलंडमधून आलेल्या एका हाडाच्या तुकड्यावरून १८३९ साली त्यांनी तेथे शहामृगासारखा प्रचंड पक्षी होऊन गेल्याचे भाकीत केले होते; पुढे अधिक हाडे मिळाल्यावर १८४३ साली त्याला 'डायनॉर्निस', म्हणजे 'भीमपक्षी', असे नाव दिले. अवघ्या एका वर्षाच्या अंतराने एकाच विद्वानाने एकाच विशेषणाने सरडा आणि पक्षी या दोघांना गौरविले. पण विशेषणाखालील दोन नामे परस्परांना भेटली नाहीत.

४. नाव नसताना दिसलेला पक्षी

याच काळात अटलांटिकपलीकडे एक वेगळीच घटना घडत होती. मॅसॅच्युसेट्समधील साउथ हॅडली येथे १८०२ साली प्लिनी मूडी नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाला दगडावर उमटलेली तीन बोटांची पावले सापडली होती. नोहाच्या नौकेतून सुटलेल्या डोमकावळ्याची ती पावले, असे लोक गमतीने म्हणत. १८३६ साली एडवर्ड हिचकॉक यांनी कनेक्टिकट खोऱ्यातील अशा अनेक पावलांचे शास्त्रीय वर्णन केले व ती प्राचीन काळच्या प्रचंड पक्ष्यांची असल्याचा निष्कर्ष काढला. न्यू झीलंडचा भीमपक्षी उजेडात आल्यावर त्या निष्कर्षाला बळकटीच आली.

ही पावले डायनोसॉरांची होती, हे आज निश्चित झाले आहे. म्हणून हिचकॉक चुकले असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु त्यांच्यापुढे काय होते हे पाहिले पाहिजे. त्यांच्यापुढे हाड नव्हते, दात नव्हता. फक्त पाऊल होते. लोकांनी आणि हिचकॉक यांनी जे प्रत्यक्ष दिसत होते त्यालाच नाव दिले, आणि जे दिसत होते ते पक्ष्याचे पाऊल होते. ज्यांनी दात पाहिले त्यांना सरडा दिसला, ज्यांनी त्रिक पाहिले त्यांना हत्ती दिसला, ज्यांनी पाऊल पाहिले त्यांना पक्षी दिसला. प्राणी एकाच वर्गातले होते. अवयव बदलला तसे उपमान बदलले.

या गोंधळातून वाट काढण्यास लागणारी शब्दसामग्रीही ओवेन यांनीच पुरविली होती. १८४३ साली त्यांनी साम्याचे दोन प्रकार व्याख्या करून वेगळे केले. भिन्न प्राण्यांतील दोन अवयव एकच काम करीत असतील तर ते कार्यसाम्य; आणि रूप व काम कितीही बदलले तरी अवयव मुळात तोच असेल तर ती समजातता. पतंगाचा पंख आणि घारीचा पंख यांत कार्यसाम्य आहे. घारीचा पंख आणि माणसाचा हात हे समजात आहेत. ओवेन यांच्या मते समजाततेचे कारण एक आदर्श आराखडा हे होते. १८५९ नंतर डार्विनच्या अनुयायांनी त्याच्या जागी समान पूर्वज आणला. व्याख्या तीच राहिली, तिचा आधार बदलला.

५. हक्सली आणि हाइलमान

१८६१ साली बव्हेरियातील झोल्नहोफेनच्या चुनखडीत सापडलेल्या एका पिसाला हेर्मान फॉन मायर यांनी 'आर्किऑप्टेरिक्स', म्हणजे 'प्राचीन पंख', हे नाव दिले. त्याच वर्षी उजेडात आलेला पिसांसकट सांगाडा १८६२ मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला आणि १८६३ साली ओवेन यांनी त्याचे वर्णन केले. लांब हाडांची शेपटी आणि पंखावरील नखे असूनही तो पक्षीच, असा त्यांचा निर्णय होता.

टॉमस हेन्री हक्सली यांनी १८६८ व १८७० या वर्षांतील निबंधांत प्रश्न उलट बाजूने मांडला. पक्ष्यांत सरीसृपाची लक्षणे किती, याऐवजी डायनोसॉरांत पक्ष्यांची लक्षणे किती, हे त्यांनी पाहिले. आणि त्यासाठी मागचा पाय निवडला. कटीचे हाड, नडगी, तिला चिकटलेले घोट्याचे हाड आणि तीन प्रमुख बोटे यांची त्यांनी क्रमाने तुलना केली. अर्धवट उबलेल्या कोंबडीच्या पिलाचा कमरेपासून बोटांपर्यंतचा भाग एकाएकी मोठा होऊन अश्मीभूत झाला तर त्याला डायनोसॉरांत घालण्यास काहीच हरकत दिसणार नाही, अशा अर्थाचे विधान त्यांनी १८७० साली केले. तुलनेच्या इतिहासात या विधानाचे महत्त्व मोठे आहे. येथे प्रथमच साधारण धर्म उघडपणे, हाडामागून हाड, सांगितला गेला. आणि हिचकॉक यांनी ज्या पावलात पक्षी पाहिला होता त्याच पावलात हक्सली यांनी नाते पाहिले.

१८८७ साली हॅरी सीली यांनी कटीच्या रचनेवरून डायनोसॉरांचे दोन गट पाडले : 'सरटकटी' व 'पक्षिकटी'. नावांवरून पक्ष्यांचा संबंध दुसऱ्या गटाशी असावा असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात आजच्या मतानुसार पक्षी पहिल्या गटातून आले. 'पक्षिकटी' प्राण्यांचे कटीसाम्य स्वतंत्रपणे उद्भवलेले आहे. शब्दाने दाखविलेली दिशा आणि वंशाची दिशा यांत इतका स्पष्ट विरोध असलेले दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

हक्सलींचा विचार पुढे मागे पडला तो एका लहानशा हाडावरून. डेन्मार्कचे चित्रकार आणि अभ्यासक गेरहार्ट हाइलमान यांनी १९२६ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात पक्षी व लहान मांसाहारी डायनोसॉर यांच्यातील साम्ये बारकाईने नोंदविली. पण पक्ष्यांत जी जत्रुके, म्हणजे गळ्याखालची दोन हाडे, जुळून दुबेळक्याच्या आकाराची होतात, ती डायनोसॉरांत नाहीत असे त्यांना वाटले. एकदा लोपलेला अवयव उत्क्रांतीत पुन्हा उद्भवत नाही, या नियमाच्या आधारे त्यांनी डायनोसॉरांना पक्ष्यांच्या वंशावळीतून वगळले आणि सर्व साम्य कार्यसाम्याच्या खात्यावर टाकले. युक्तिवाद निर्दोष होता, आधारविधान मात्र चुकीचे होते. १९२४ साली वर्णन झालेल्या एका मंगोलियन डायनोसॉरात ते हाड होते. पण त्याला दुसरेच नाव देण्यात आले होते. ज्या हाडाला चुकीचे नाव मिळाले ते हाड पुढील वाचकाच्या दृष्टीने अस्तित्वातच राहिले नाही. हाइलमान यांच्या ग्रंथाचा प्रभाव सुमारे अर्धशतक टिकला.

६. 'लुटारू' या नावाची कथा

ज्या प्राण्याचे जत्रुक चुकीच्या नावाखाली हरवले त्याचे स्वतःचे नावही अन्यायाचेच होते. १९२३ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या मोहिमेला गोबीच्या वाळवंटात दोन लहान मांसाहारी डायनोसॉरांचे अवशेष मिळाले. हेन्री फेअरफील्ड ऑस्बोर्न यांनी १९२४ साली एकाला 'व्हेलोसिरॅप्टर', म्हणजे 'चपळ लुटारू', आणि दुसऱ्याला 'ओव्हिरॅप्टर', म्हणजे 'अंडीचोर', अशी नावे दिली. दुसऱ्याचा सांगाडा अंड्यांच्या घरट्यावर मिळाला होता आणि अंडी वेगळ्याच प्राण्याची समजली गेली होती. हे नाव प्राण्याच्या स्वभावाविषयी दिशाभूल करील, अशी शंका ऑस्बोर्न यांनी स्वतःच नोंदविली होती, तरी नाव दिलेच. १९९३ साली तशाच एका अंड्यात ओव्हिरॅप्टरच्याच कुळातील भ्रूण सापडला. आणि पुढे अंड्यांवर हात पसरून, पक्ष्याप्रमाणे बसलेल्या स्थितीत अश्मीभूत झालेला सांगाडाही मिळाला. चोर म्हणून ज्याची ओळख झाली तो आपली अंडी उबवीत होता. नामकरणाचे नियम अग्रक्रमाला बांधलेले असल्यामुळे नाव मात्र बदलता येत नाही.

लॅटिन 'राप्टोर' हा शब्द 'हिसकावून नेणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. इंग्रजीत तो गरुड, ससाणा, घुबड अशा शिकारी पक्ष्यांचे सामान्यनाम आहे. ऑस्बोर्न यांनी तो लॅटिन अर्थाने वापरला. तरीही एका शब्दात शिकारी पक्षी आणि डायनोसॉर एकत्र आले. १९९० सालची मायकेल क्राइटन यांची 'जुरासिक पार्क' ही कादंबरी आणि १९९३ सालचा तिच्यावरील चित्रपट यांनंतर सामान्य इंग्रजी वाचकाच्या मनात तो शब्द पक्ष्याइतकाच डायनोसॉराचा झाला. चित्रपटातील तो प्राणी खवल्यांचा आणि माणसाएवढा आहे. खरा व्हेलोसिरॅप्टर लांबीने सुमारे दोन मीटर, त्यातही बराच भाग शेपटीचा, आणि उंचीने माणसाच्या कमरेखालचा होता. जो शब्द पक्ष्याकडे बोट दाखवीत होता तोच पडद्यावर पुन्हा सरड्याच्या कातडीत गुंडाळला गेला.

७. भयंकर नखी आणि गरुडाचा पाय

तुलनेचा तिसरा आणि निर्णायक टप्पा १९६४ साली सुरू झाला. येल विद्यापीठाचे जॉन ऑस्ट्रॉम यांना मोंटाना राज्यात ब्रिजर गावाजवळ एका मध्यम आकाराच्या मांसाहारी डायनोसॉराचे अवशेष मिळाले. १९६९ साली त्यांनी त्याचे 'डायनॉनिकस', म्हणजे 'भयंकर नखी', असे नामकरण केले. ओवेन यांचे जुने विशेषण येथे परत आले, पण त्याच्यापुढचे 'सॉरॉस' गेले आणि त्या जागी अवयवाचे नाव आले. सुमारे तीन मीटर लांबीच्या या प्राण्याच्या पायाचे दुसरे बोट जमिनीपासून वर उचललेले असे आणि त्यावर कोयत्यासारखी वाकडी नखी होती.

१९७० साली ऑस्ट्रॉम यांना हार्लेम येथील टायलर संग्रहालयात एक जुना नमुना दिसला. फॉन मायर यांनी १८५७ साली त्याला उडत्या सरीसृपाचे, टेरोडॅक्टिलचे, नाव दिले होते. ऑस्ट्रॉम यांनी त्यात पिसांच्या अस्पष्ट खुणा ओळखल्या आणि तो आर्किऑप्टेरिक्स असल्याचे जाहीर केले. २०१७ साली तो नमुना आर्किऑप्टेरिक्सहून भिन्न ठरवून त्याला 'ऑस्ट्रोमिया' हे नाव देण्यात आले. परंतु त्याने ऑस्ट्रॉम यांच्या विचाराला दिलेली गती त्यामुळे कमी होत नाही. डायनॉनिकसचे मनगट आणि या प्राचीन पक्ष्यांचे मनगट यांत अर्धचंद्राकार असे एकच हाड होते, ज्याच्यामुळे हात बाजूला मुडपता येतो. पक्षी पंख मिटतो तो याच हालचालीने. १९७३ ते १९७६ या काळातील निबंधांत ऑस्ट्रॉम यांनी हक्सलींचे मत नव्या पुराव्यानिशी पुनरुज्जीवित केले.

पिसांचा प्रत्यक्ष पुरावा पुढे आला. १९९६ साली चीनच्या ल्यावनिंग प्रांतातील 'सायनोसॉरॉप्टेरिक्स' या लहान डायनोसॉराच्या अंगावर तंतुमय आच्छादन आढळले. २००७ साली अमेरिकन संशोधकांनी एका व्हेलोसिरॅप्टरच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडावर ओळीने असलेले उंचवटे दाखविले. पक्ष्यांत मोठ्या पिसांची मुळे अशाच उंचवट्यांना बांधलेली असतात. त्यांनी तुलनेसाठी शेजारी मांडलेले हाड होते अमेरिकेतील एका गिधाडाचे.

आता प्रश्न राहिला नखीचा. ऑस्ट्रॉम यांच्या कल्पनेत ती भक्ष्याचे पोट फाडणारे हत्यार होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात यांत्रिक पायाला तशी नखी बसवून प्राण्यांच्या मांसावर आघात करण्यात आले. नखीने लांब चीर पडण्याऐवजी भोक पडले. २०११ साली अमेरिकेतील डेन्व्हर फाउलर आणि त्यांचे सहकारी यांनी डायनॉनिकसचा पाय आणि आजच्या शिकारी पक्ष्यांचे पाय यांची मापे तुलनेस घेतली. गरुड, घार, शिक्रा यांच्या कुळात अंगठ्याची आणि दुसऱ्या बोटाची नखी इतरांपेक्षा मोठी असते. हे पक्षी लहान भक्ष्य पंजात आवळून मारतात, पण भक्ष्य मोठे असेल तर त्यावर उभे राहतात, आपल्या वजनाने ते दाबून धरतात, मोठ्या नख्यांनी त्याला खिळवून ठेवतात आणि पुष्कळदा ते जिवंत असतानाच खाऊ लागतात. तोल सांभाळण्यासाठी पंखांची फडफड चालू असते. डायनॉनिकसचा तळपायाचा भागही धावणाऱ्या प्राण्यासारखा लांब व बारीक नसून पकड घेणाऱ्या पक्ष्यासारखा आखूड व जाड आहे. तेव्हा त्याने आपल्याहून लहान भक्ष्य असेच पायाखाली धरून ठेवले असावे आणि पिसांचे हात फडफडवून तोल राखला असावा, असा त्यांचा तर्क आहे. १९७१ साली पोलिश-मंगोलियन मोहिमेला मिळालेल्या प्रसिद्ध जोडीत व्हेलोसिरॅप्टरची नखी प्रोटोसेराटॉप्सच्या गळ्याशी आहे; त्या चित्राशी हा तर्क विसंगत नाही.

येथे खऱ्या महासरटाशी तुलना करून पाहणे उद्बोधक आहे. इंडोनेशियातील कोमोडो बेटावरची घोरपड सुमारे तीन मीटरपर्यंत वाढते. म्हणजे लांबीने ती डायनॉनिकसच्या जवळपास जाते. दातही करवतीच्या काठाचे. पण तिचे पाय बाजूला फाकलेले, पावलाला पाचही बोटे टेकलेली, आणि शिकारीचे मुख्य साधन जबडा. बकलंड यांनी दातांवरून जोडलेले नाते पायापाशी येताच तुटते.

८. एका बोटातील दोन नाती

यावरून गरुडाची नखी आणि डायनॉनिकसची नखी एकच, असे म्हणता येईल काय? ओवेन यांचा भेद येथेच उपयोगी पडतो. दोघांच्या पायाचे दुसरे बोट समजात आहे, कारण ते एकाच पूर्वजापासून दोघांकडे आले. परंतु त्या बोटावरील नखी मोठी होणे हे दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे घडले आहे. प्राचीन पक्ष्यांपासून गरुडापर्यंतच्या मार्गात असंख्य पक्षी असे आहेत की ज्यांच्या त्या बोटाची नखी मुळीच मोठी नाही. म्हणून नखीचा आकार हे कार्यसाम्य होय. शिवाय गरुडाचा अंगठा पूर्णपणे मागे वळलेला असून इतर बोटांसमोर येतो. डायनॉनिकसचा अंगठा तसा वळलेला नव्हता, त्यामुळे त्याची पकड गरुडाइतकी पक्की असणे शक्य नव्हते. एकाच बोटात दोन नाती एकमेकांवर बसलेली आहेत : एक रक्ताचे, दुसरे व्यवसायाचे. त्यांचा विवेक न करता केलेली तुलना एकतर हाइलमान यांच्याप्रमाणे सर्व काही व्यवसायावर ढकलते, किंवा अतिउत्साहाने सर्व काही रक्तावर.

'शिकारी पक्षी' हे पदही याच कसोटीवर तपासावे लागते. लिनीअसने १७५८ साली गिधाडे, ससाणे, गरुड व घुबडे यांना एकाच गणात ठेवले होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या विस्तृत जनुकीय अभ्यासातून असे दिसून आले की ससाणे हे गरुड-घारींपेक्षा पोपटांना आणि गाणाऱ्या पक्ष्यांना अधिक जवळचे आहेत. आकाशातून झेप घेणारा ससाणा आणि गरुड यांचे साम्य व्यवसायाचे ठरले. अर्थात तुलनेची दोन्ही टोके, 'शिकारी पक्षी' आणि 'भीमसरट', ही मुळात सादृश्यावर उभी केलेली नावे होती. आणि दोन्हींच्या खाली वंशाची रेषा वेगळीच होती.

९. उपसंहार

या इतिहासाचे सार असे सांगता येईल. प्रथम डायनोसॉर हे उपमेय आणि सरडा हे उपमान होते, मग उपमान हत्ती झाले, मग पक्षी. आज बहुसंख्य अभ्यासकांच्या मते पक्षी हे डायनोसॉरांच्याच एका शाखेचे जिवंत वंशज आहेत, म्हणजे वर्गीकरणाच्या भाषेत पक्षी डायनोसॉरच होत. वाचक शब्द गळाला आणि उपमेची जागा अभेदाने घेतली. सरडा, जो नावात अजून बसून आहे, तो मात्र वंशवृक्षाच्या अगदी वेगळ्या फांदीवर आहे. ती फांदी २५ कोटी वर्षांपूर्वीच फुटली होती.

मग 'सॉरस' या शब्दाचे काय झाले? चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सापडलेल्या सांगाड्याचे १९९७ साली 'टायटॅनोसॉरस कोल्बर्टाय' असे नामकरण झाले, आणि २००३ साली त्याचे 'इसिसॉरस' असे नामांतर झाले. या नव्या नावाचा पूर्वार्ध भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा आहे. ते देणाऱ्यांना हा प्राणी सरडा नव्हे हे पुरेपूर ठाऊक होते. तरी त्यांनी 'सॉरस' वापरला, कारण त्या वेळेपर्यंत तो शब्द अर्थ गमावून वर्गसूचक प्रत्यय बनला होता. भाषेच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया अपरिचित नाही : स्वतंत्र शब्द झिजून प्रत्यय होतो तेव्हा त्याचा कोशगत अर्थ मावळतो आणि व्याकरणिक कार्य उरते. 'रॅप्टर' या शब्दाचेही आता तेच होत आहे. २००० साली नाव मिळालेल्या 'मायक्रोरॅप्टर'मध्ये लुटीचा संबंध नावापुरताच आहे.

मराठी परिभाषेच्या दृष्टीने येथे एक व्यावहारिक प्रश्न उद्भवतो. ग्रीकमधील झिजलेला शब्द भाषांतरित केला की तो पुन्हा जिवंत होतो. 'डायनोसॉर' म्हणताना मराठी विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे सरडा येत नाही. 'भीमसरट' म्हणताना तो येतो, कारण 'सरट' आणि 'सरडा' यांचे नाते मराठी कानाला ऐकू येते. म्हणजे भाषांतराच्या निष्ठेपायी १८४२ सालचे एक टाकून दिलेले अनुमान नव्याने शिकविले जाते. परिभाषा स्वभाषेत असावी हा आग्रह योग्य आहे. परंतु ज्या नावातील उपमा शास्त्राने मागे टाकली आहे त्याचे शब्दशः भाषांतर करण्यापेक्षा मूळ शब्द ध्वनिरूपाने स्वीकारणे अधिक हितावह ठरते. अर्थाने मुका असलेला परका शब्द व्याख्येला जागा ठेवतो. अर्थाने बोलका असलेला स्वकीय शब्द ती जागा अगोदरच भरून टाकतो. अंगणात दाणे टिपणारी चिमणी हीदेखील डायनोसॉरच, हे वाक्य मराठीत सहज म्हणता येते. तीच चिमणी 'भीमसरट' आहे असे म्हटले तर ऐकणारा हसेल, आणि त्या हसण्यात दोष चिमणीचा नसून नावाचा असेल.